वेळ विचारण्याची वेळ

तोतलाडोहच्या धरणातलं पाणी आधी जलविद्युत केंद्रात ८० मेगावॉटचे दोन संच फिरवतं, मग पेंच नदीच्या पात्रातून खाली पारशिवनी तालुक्यात, नवेगाव खैरीच्या धरणात येऊन थांबतं. तिथून कालवे निघतात, नागपूर शहराचं पिण्याचं पाणीही निघतं. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून मायनर, मायनरमधून पाटचारी आणि पाटचारीतून कोणाच्या तरी धानाच्या बांधीत. या वाटेवर पाणी किती आलं याइतकंच ते कधी आलं, किती वेळ चाललं, यालाही महत्त्व असतं. महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि पाणीवापर संस्थांना पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून देण्याची पद्धत आली. मोजायचं म्हणजे प्रवाहाला वेळेनं गुणायचं. घड्याळ चुकलं की गुणाकार चुकला.

आता असं समजू, की पारशिवनीच्या बाजूच्या एका मायनरच्या तोंडाशी एक पेटी बसवली आहे. पेटीत लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, वर छोटं सौर पॅनेल, आत बॅटरी. पेटी दर पाच मिनिटांनी पातळी लिहून ठेवते, तारीख-वेळेसकट. जंगलाच्या कडेला मोबाइलची रेंज कधी येते कधी जाते, म्हणून पेटी इंटरनेटवर विसंबून नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन पेनड्राइव्हवर नोंदी घेऊन जातो. श्रावण-भाद्रपदात सलग ढगाळ दिवस आले की बॅटरी उतरते, बोर्ड बंद पडतो आणि ऊन पडलं की आपोआप पुन्हा सुरू होतो. इथवर सगळं ठीक. पण नोंदी उघडल्या की त्या भागातला शेतकरी विचारणार, ‘‘भाऊ, पानी तं मंगळवारी रातच्याला सुटलं होतं. हे सोमवारचं कावून दाखवते?’’

पेटी पाणी बरोबर मोजते आहे. तिला फक्त आज कोणता वार आहे हे ठाऊक नाही.

आपल्या मोबाइलला किंवा लॅपटॉपला असं सहसा होत नाही, कारण त्यांच्यात एक वेगळी घड्याळाची चिप असते आणि मुख्य वीज गेली तरी तिला थोडी वीज मिळत राहते. स्वस्त छोट्या बोर्डांवर ती बहुधा नसते. शाळा-कॉलेजांत पोचलेल्या रास्पबेरी पायवर २०१२ पासून अशी चिप नव्हती. ती पहिल्यांदा मिळाली २०२३ साली आलेल्या पाचव्या पिढीत. घड्याळ नसलेला बोर्ड सुरू होतो तेव्हा युनिक्सच्या जगाचा आरंभबिंदू, म्हणजे १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, हीच त्याची वेळ असते. ही मध्यरात्र ग्रिनिचची, त्यामुळे भारतीय वेळेत ती पहाटे साडेपाच दिसते. नोंदींमध्ये १९७० सालची पहाट दिसली तर निदान चूक कळते तरी. पण बऱ्याच प्रणालींवर एक छोटा कार्यक्रम असतो, तो अधूनमधून चालू वेळ फाइलीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच मोजणी पुढे सुरू करतो. बोर्ड तीस तास बंद राहिला असेल, तर घड्याळ तीस तास मागे. वेळ खरी वाटते, पण ती खोटी असते. मंगळवारचा सोमवार होतो तो असा, आणि अशी चूक १९७० पेक्षा कितीतरी जास्त घातक आहे, कारण ती पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते.

उपाय उघड आहे. घड्याळाची चिप विकत आणून बसवायची. डीएस३२३१ नावाची चिप यासाठी फार वापरली जाते. तिच्या आत सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो (हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद हाती येतो). तापमान बदललं की स्फटिकाची चाल बदलते, म्हणून ही चिप स्वतःचं तापमान मोजून चाल दुरुस्त करत राहते. शून्य ते ४० अंशांच्या दरम्यान तिची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हातल्या बंद पेटीत तर त्याहूनही वर. तिथे ही हमी साडेतीन भागांपर्यंत सैल होते. तरीही वर्षाला दोन मिनिटांच्या आत. कालव्याच्या हिशेबाला हे पुरून उरतं. सोबत नाण्याएवढी बॅटरी असते, ती मुख्य वीज नसताना चिपला वर्षानुवर्षं चालू ठेवते.

चिप बसवली. ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी कसं बोलायचं हे जाणणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, प्रणालीत होताच. पेटीची मुख्य बॅटरी काढून पुन्हा लावली, आणि वेळ पुन्हा चुकीची.

असा प्रसंग आला की पहिली शंका चिपवर येते. खोटा माल, सैल तार, संपलेला सेल. पण हाताने आज्ञा देऊन चिपला वेळ विचारली तर ती सेकंदापर्यंत बरोबर उत्तर देते. चिप चांगली, तार चांगली, ड्रायव्हर चांगला, आणि तरी परिणाम चूक. प्रत्येक भाग एकटा तपासला तर निर्दोष, एकत्र आणले की बिघाड: असं दिसलं की क्रमाकडे बघायचं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामात हे अनुभवाने शिकलेलं शहाणपण आहे आणि ते सहसा फसत नाही.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू होताना आपण काय काय करतोय याची रोजनिशी लिहितो. प्रत्येक ओळीपुढे सुरुवातीपासून किती सेकंद झाले ते असतं. आपल्या पेटीवर जुना कर्नल आहे असं धरू. तिच्यातली ही रोजनिशी उघडून ‘आरटीसी’ (रिअल टाइम क्लॉक, म्हणजे हेच घड्याळ) हा शब्द शोधला, तर दोन ओळी सापडतील. दुसऱ्या सेकंदाच्या आसपास एक ओळ: ‘एचसीटूसिस: अनेबल टू ओपन आरटीसी डिव्हाइस (आरटीसी०)’. घड्याळ उघडता आलं नाही. आणि सात-आठ सेकंदांपाशी दुसरी: डीएस३२३१ ची नोंद ‘आरटीसी०’ या नावाने झाली. आधी कोणीतरी घड्याळाला वेळ विचारली, ते जागेवर नव्हतं, विचारणारा निघून गेला. पाच सेकंदांनी घड्याळ आलं. तेव्हा त्याला विचारायला कोणी उरलं नव्हतं. नवेगाव खैरीला पाणी पोचायच्या आत पाटचारीत डोकावून ‘कोरडी’ असा शेरा मारून निघून जावं, तसं.

विचारणारा कोण होता? एचसीटूसिस म्हणजे हार्डवेअर घड्याळातली वेळ प्रणालीच्या घड्याळात भरणारा कर्नलमधला छोटासा भाग. त्याचं काम आयुष्यात एकदाच, सुरुवातीला. आणि तो चुकीच्या वेळी का आला हे समजायचं, तर कर्नलची सुरुवात कशी होते ते थोडं बघावं लागेल.

कर्नल जागा होतो तेव्हा शेकडो छोटी कामं एकामागून एक करायची असतात. ती टप्प्यांत वाटलेली आहेत: कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस, एफएस, डिव्हाइस आणि शेवटी लेट. ड्रायव्हर लिहिणारा आपलं काम कोणत्या टप्प्यात व्हावं ते सांगतो. काही सांगितलं नाही तर ते डिव्हाइस टप्प्यात जातं. एकाच टप्प्यातल्या दोन कामांपैकी आधी कोणतं? त्याचं उत्तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का देतं. कर्नल बांधताना, मेकफाइल नावाच्या फाइलीत ज्याची ओळ वर, त्याचं काम आधी. ड्रायव्हरांच्या मुख्य मेकफाइलमध्ये तर याबद्दल इशारेच लिहून ठेवलेत. जीपीआयओचा, म्हणजे सर्वसाधारण कामाच्या पिना हाताळणारा विभाग पिनांच्या मांडणीच्या विभागानंतरच यायला हवा, अशा अर्थाची टीप तिथे आहे. वर्षानुवर्षं जगभरच्या लोकांनी क्रमाचे दोष असेच दुरुस्त केले: ओळ वर सरकवा, नाहीतर ड्रायव्हर आधीच्या टप्प्यात ढकला. दोन तारांच्या आयटूसी जोडणीचे कितीतरी ड्रायव्हर सबसिस टप्प्यात दिसतात ते यामुळेच. त्यांच्या भरवशावर चालणारी इतर साधनं डिव्हाइस टप्प्यात येतात, म्हणून यांना एक पायरी आधी बसवलं.

एचसीटूसिस लेट टप्प्यात होतं. विचार चांगला होता: सगळे ड्रायव्हर आले असतील, मग शांतपणे वेळ विचारू. पण हे सगळे टप्पे फक्त कर्नलच्या आत बांधलेल्या ड्रायव्हरांचे. जगातल्या प्रत्येक चिपचा ड्रायव्हर आत भरला तर कर्नल अवाढव्य होईल, म्हणून बहुतेक ड्रायव्हर डिस्कवर किंवा मेमरी कार्डावर मॉड्यूल म्हणून वेगळे ठेवतात आणि साधन दिसलं की ते उचलून आणतात. मेमरी कार्ड वाचता येऊ लागणार, फाइलप्रणाली चढणार, मग मॉड्यूल येणार. लेट टप्पा तोवर कधीच संपलेला असतो. आपल्या घड्याळाचा ड्रायव्हर मॉड्यूल होता. एवढीच गोष्ट.

इथे दुरुस्ती करणाऱ्यापुढे तीन सोपे रस्ते येतात, आणि तिन्ही माझ्या मते टाळण्यासारखे आहेत.

पहिला रस्ता म्हणजे सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘दहा सेकंद थांब, मग वेळ विचार’ असं लिहिणं. टेबलावर हे दरवेळी चालतं. पण वीज अचानक गेल्यावर बोर्ड उठतो तेव्हा मेमरी कार्डाची तपासणी होते, अर्धवट राहिलेल्या लिखाणाची आवराआवर होते, आणि घड्याळाचा ड्रायव्हर यायला पंधरा सेकंदही लागू शकतात. म्हणजे नेमका ज्या प्रसंगासाठी घड्याळ बसवलं, त्याच प्रसंगी उपाय फसतो. सेकंद मोजून थांबणं म्हणजे अंदाज. आणि अंदाज टेबलावर केलेला, वापर कालव्याच्या काठावर. दुसरा रस्ता ड्रायव्हर कर्नलच्या आत बांधून टाकण्याचा. एकाच पेटीपुरतं हे चालेलही, पण दर नव्या कर्नलबरोबर ते पुन्हा करत बसावं लागेल, आणि जिल्हाभर अशा पेट्या असतील तर ते कोण करणार? शिवाय चिपपर्यंत पोचायला आयटूसीचा नियंत्रक जागा हवा, त्याला घड्याळस्पंद पुरवणारा भाग जागा हवा, पिना बरोबर जुळलेल्या हव्यात. यातला एक जरी मागे राहिला तरी आत बांधलेला ड्रायव्हरही उशिरा येतो. तिसरा रस्ता मेकफाइलमधली ओळ सरकवण्याचा. आज एक दोष मिटतो, उद्या तीच ओळ दुसऱ्याच बोर्डावर तिसऱ्याला मागे टाकते.

तिन्हींचं दुखणं एकच. ‘कोण कोणानंतर’ हे ते ठरवतात, पण ‘कोणाला कोण लागतं’ हे कुठेच लिहीत नाहीत. क्रम हा परिणाम आहे. गरज लिहून ठेवली तर क्रम तिच्यातून आपोआप निघतो. क्रमच लिहून ठेवला तर गरज विस्मरणात जाते आणि पुढचा माणूस ओळ हलवताना ती मोडतो.

लिनक्समध्ये या दिशेने मोठं पाऊल पडलं ते २०१२ साली, ३.४ या आवृत्तीत. ग्रँट लाइकली यांनी ड्रायव्हरांना नम्रपणे नकार द्यायची सोय करून दिली. ड्रायव्हरला आपलं साधन सापडलं, पण त्याला लागणारं दुसरं काही अजून आलेलं नसेल, तर तो ५१७ क्रमांकाची खूण परत करतो: आत्ता जमत नाही, नंतर बोलवा. कर्नल त्याला थांबलेल्यांच्या यादीत ठेवतो, आणि दुसरं कुठलंही साधन यशस्वीपणे उभं राहिलं की यादीतल्यांना पुन्हा विचारतो. पिना जुळल्या की स्पंद पुरवणाऱ्याला संधी, तो आला की आयटूसीला, आयटूसी आला की घड्याळाला. कोणीही क्रम लिहिलेला नसतो, तरी बरोबर क्रम लागतो. ज्या दिवशी मी ही युक्ती नीट समजून घेतली त्या दिवसापासून मला ती कर्नलमधल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी एक वाटत आली आहे. पुढे गूगलच्या सरवण कण्णन यांच्या कामामुळे कर्नल त्याहूनही पुढे गेला: कोणतं साधन कशावर विसंबून आहे हे बोर्डाच्या वर्णनातून, म्हणजे डिव्हाइस ट्रीतून, आधीच वाचायचं आणि पुरवठादार येईपर्यंत ग्राहकाला उठवायचंच नाही. २०२१ पासून ही वागणूक मूळ कर्नलमध्ये आपोआप चालू असते.

पण आपल्या पेटीचा प्रश्न यानेही सुटत नव्हता. एचसीटूसिस हा ड्रायव्हर नव्हे. त्याच्याकडे कोणतं साधन नाही, म्हणून ‘नंतर बोलवा’ म्हणायची सोयही नाही. तो एकदा येणार, विचारणार, जाणार.

ही गाठ सुटली ती त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि ती सोडवणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, अगदी छोटा आहे. गूगलमधल्या स्टीव्ह मकल यांना हीच अडचण आली होती. काही ठिकाणी घड्याळाचा ड्रायव्हर कर्नलच्या आत बांधणं शक्य नसतं, तो मॉड्यूलच असावा लागतो. त्यांनी विचारणाऱ्याची वेळ बदलली नाही. त्यांनी विचारणाराच काढून टाकला. लेट टप्प्यातलं ते काम गेलं, आणि त्याऐवजी कोणतंही घड्याळ कर्नलमध्ये नोंदलं जातं त्या नोंदणीच्या अगदी शेवटी एक तपासणी आली: वेळ घ्यायची म्हणून ठरवलेलं घड्याळ हेच का? असेल तर आत्ता, इथेच, त्याची वेळ प्रणालीत भर. घड्याळ दुसऱ्या सेकंदाला येवो, आठव्याला येवो, की पेटी चालू असताना दोन तासांनी कोणी जोडो. आल्याबरोबर वेळ लागते. आधी रिकाम्या जागेला प्रश्न विचारला जात होता. आता येणारा स्वतःच येऊन सांगतो. मॉड्यूल, दिरंगाई, मेमरी कार्डाची तपासणी, यातलं काहीच आता आड येत नाही, कारण कुठल्याही वेळेचा अंदाज बांधलेलाच नाही.

ज्या बोर्डावर जुना कर्नल आहे आणि बदलता येत नाही, तिथेही हाच विचार बाहेरून राबवता येतो. यूडेव्ह नावाची सेवा साधनांच्या येण्या-जाण्यावर लक्ष ठेवून असते. ‘घड्याळ आलं की त्याची वेळ प्रणालीत भरणारी आज्ञा चालव’ असा एका ओळीचा नियम तिला दिला की काम होतं. दहा सेकंद थांबण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं, आणि लिहायला तेवढंच सोपं.

क्रमाचे दोष शोधायला इतके त्रासदायक का असतात, याचं एक कारण इथे सांगायला हवं. ते दाखवणारी साधनंही त्याच रांगेत उभी असतात. पडद्यापर्यंत अक्षरं पोचवणारा सीरियल पोर्ट हेसुद्धा एक साधनच. तो जागा व्हायच्या आधी काही मोडलं तर ते कोण दाखवणार? कर्नल मध्येच थांबवून आत डोकावण्यासाठी केजीडीबी नावाचं हत्यार आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते वाढवण्या-सांभाळण्यात पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे यांचा मोठा वाटा होता आणि कर्नलच्या दस्तऐवजात त्यांचं नाव आजही आहे. हे हत्यार मुख्य कर्नलमध्ये आलं २००८ साली. ते नेहमीच्या पद्धतीने सीरियल पोर्टवर चालवायचं, तर त्या पोर्टचा ड्रायव्हर आधी उभा राहावा लागे. त्याआधीचा दोष त्याच्या हाताबाहेर. २०२० साली डग्लस अँडरसन यांनी सुरुवातीच्या कामचलाऊ कन्सोलवरच ते चालेल अशी सोय केली. आपल्या पेटीसारख्या साध्या प्रकरणात मात्र इतक्या आत जायची गरज नसते. कर्नलला सुरू होताना ‘इनिटकॉल डिबग’ हा पर्याय दिला की तो प्रत्येक काम कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, काय उत्तर आलं ते रोजनिशीत लिहितो. शिवाय ‘नंतर बोलवा’ म्हणून थांबलेल्यांची यादी एका फाइलीत बघायला मिळते. पंधरा मिनिटं ती रोजनिशी शांतपणे वाचणं हे दोन दिवस तारा हलवून बघण्यापेक्षा केव्हाही बरं.

दुरुस्ती झाल्यावरही दोन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या पाहिल्या नाहीत तर शेतकऱ्याचा प्रश्न पुन्हा येणार.

पहिली नावाची. कर्नल घड्याळांना आलेल्या क्रमाने आरटीसी०, आरटीसी१ अशी नावं देतो. काही बोर्डांच्या मुख्य चिपमध्येही एक घड्याळ असतं, पण त्याला सेल जोडलेला नसतो. ते आधी नोंदलं गेलं तर आरटीसी० हे नाव त्याचं, आणि प्रणाली प्रामाणिकपणे त्या बिनसेलाच्या घड्याळाची वेळ घेते. म्हणजे क्रमाचा दोष एका दारातून घालवला आणि तो दुसऱ्या दारातून आत आला. इलाजही तोच, गरज लिहून ठेवण्याचा: डिव्हाइस ट्रीमध्ये आरटीसी० हे नाव डीएस३२३१ साठी आणि आरटीसी१ हे त्या दुसऱ्या घड्याळासाठी राखून ठेवायचं. मग ती पहिली येवो की दुसरी, नाव तिचंच.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. घड्याळ आठव्या सेकंदाला लागतं, पण पातळी नोंदवणारा कार्यक्रम सहाव्यालाच सुरू झाला असेल तर? त्याची पहिली नोंद जुन्या वेळेची, दुसरी खऱ्या वेळेची, आणि मधे एकदम तीस तासांची उडी. ‘दर पाच मिनिटांनी’ हे तो तारीख-वेळेवरून मोजत असेल, तर एवढ्या उडीने त्याचा हिशेब बिघडतो. यासाठी कर्नलमध्ये दोन वेगळी घड्याळं असतात. एक भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ सांगतं आणि ते मागेपुढे होऊ शकतं; दुसरं फक्त सुरुवातीपासून किती सेकंद झाले ते मोजतं आणि कधीच उडी मारत नाही. अंतर मोजायला दुसरंच वापरायचं. प्रत्येक नोंदीत तारीख-वेळेबरोबर हे सेकंद आणि प्रत्येक सुरुवातीला कर्नल देतो तो वेगळा ओळख-क्रमांक, असं दोन्ही लिहून ठेवलं, की घड्याळ लागण्याआधीच्या नोंदीही वाया जात नाहीत. खरी वेळ आणि सेकंदांची मोजणी यातला फरक एकदा कळला, की त्याच सुरुवातीतल्या मागच्या सगळ्या नोंदींना तोच फरक लावता येतो. मग पाणी मंगळवारी रात्री सुटलं तर ते मंगळवारी रात्रीच दिसतं, आणि बॅटरी उतरून पेटी बंद होती तो वेळ नोंदींमध्ये मोकळा दिसतो, कोणत्या तासांचं पाणी मोजलं गेलं नाही हे सांगत.